घरांतील बदल, उन्हाळ्याचा प्रवास आणि विम्याचा कागद

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं कुटुंबांच्या हिताचा एखादा व्यावहारिक विषय आम्हीं आपणांपुढें मांडावा, अशी महोत्सव समितीची इच्छा दिसली. त्याप्रमाणें आम्हीं विषय निवडला तो विम्याचा. तो ऐकून कित्येकांच्या चेहऱ्यावर हसूं उमटलेलें आम्हांस येथून दिसत आहे. 'फादरांनीं विम्याची एजन्सी घेतली कीं काय?' असें कोणाच्या मनांत आलें असेल, तर त्यांनीं निश्चिंत असावें. आम्हांस नवा विमा विकावयाचा नाहीं, कीं कोणा कंपनीची शिफारस करावयाची नाहीं. ज्यांच्या घरीं विमा आधींच आहे, त्यांनीं तो कपाटांतून काढून पुन्हां वाचावा, एवढेंच आमचें सांगणें आहे. आणि तें आतांच, कारण ईस्टर उलटला कीं वसईच्या ह्या पट्ट्यांत लग्नें आणि प्रवास हीं दोन्हीं एकदमच येतात.

धर्मगुरूनें ह्या विषयांत कां पडावें, हें प्रथम सांगितलें पाहिजे. बाप्तिस्म्याचीं, लग्नाचीं व मृत्यूचीं दप्तरें आमच्या स्वाधीन असतात. घरांतील कर्ता पुरुष गेला, कीं महिन्या-दोन महिन्यांनीं कोणी तरी दाखला मागावयास कचेरींत येतें. बहुधा ती त्याची विधवा असते. तिच्या हातांत प्लास्टिकची पिशवी असते आणि पिशवींत विम्याचे कागद असतात. ते तिनें त्या आठवड्यांतच प्रथम पाहिलेले असतात. एका कागदावर नांव एका प्रकारें, दप्तरांत दुसऱ्या प्रकारें, आधार कार्डावर तिसऱ्याच प्रकारें! कोठें नॉमिनी म्हणून जिचें नांव आहे ती बाई दहा वर्षांपूर्वींच देवाघरीं गेलेली. अशा वेळीं दाखला देण्यापलीकडे आमच्या हातांत कांहींच नसतें. हप्ता भरणाऱ्यानें वर्षानुवर्षें हप्ता भरला. परंतु कागद बदलावयाचा राहिला. ही चूक पैशाच्या अभावीं होत नाहीं, केवळ कपाट न उघडल्यामुळें होते, म्हणूनच ती मनाला अधिक लागते.

'देवावर भरंवसा असतां कागदपत्रें कशाला?' असें म्हणणारे सज्जनही आपल्यांत आहेत. त्यांनीं जुन्या करारांतील तोबीताचें पुस्तक पहावें. निनवे शहरीं बंदिवासांत राहणारा तोबीत किती देवभीरू! तरी त्यानें मेदी देशांत गबाएलापाशीं दहा तालांत रुपें ठेविलें, तें तोंडी बोलीवर ठेविलें नाहीं. लेख केला, त्याचे दोन भाग केले, एक आपणापाशीं ठेविला व दुसरा पैशांबरोबर राहूं दिला. वीस वर्षांनीं, डोळे गेलेल्या त्या वृद्धानें मुलास प्रवासास धाडतांना लेखाची गोष्ट सांगितली आणि बरोबर विश्वासू सोबती घ्यावयास लाविलें. वाटेंत तोबियाचें सारेशीं लग्न ठरलें, तेव्हां तिच्या पित्यानें लग्नाचा करार लिहून दिला. आणि शेवटीं खुद्द राफाएल देवदूत गबाएलाकडे गेला, तोही हातांत लेख घेऊनच गेला! देवदूतास जें कमीपणाचें वाटलें नाहीं, तें आपणांस कां वाटावें?

अर्वाचीन विम्याच्या गणितासही धर्मोपदेशकांचा हात लागलेला आहे. १७४४ सालीं स्कॉटलंडमधील रॉबर्ट वॉलेस व अलेक्झांडर वेबस्टर ह्या दोघां धर्मोपदेशकांच्या पुढाकारानें, किती माणसें कोणत्या वयांत मरतात ह्याचे आकडे मांडून, आपल्या व्यवसायबंधूंच्या विधवांसाठीं व पोरक्या मुलांसाठीं निधि उभा राहिला. विमा हा त्याच्या मुळाशीं शेजारधर्मच आहे. शंभर घरांनीं थोडें थोडें द्यावें आणि ज्या एका घरावर आकाश कोसळेल त्यास तें मिळावें, एवढाच त्याचा अर्थ.

मात्र ह्या शेजारधर्मास डोळे नसतात. विमापत्र घराकडे पहात नाहीं; ज्या दिवशीं तें लिहिलें गेलें, त्या दिवशींचें घर तेवढें त्यास ठाऊक असतें. तुमचें लग्न झालें, मूल झालें, आई गेली, नोकरी सुटली, ह्यांपैकीं कांहींही तुम्हीं कळविल्यावांचून त्यास कळत नाहीं. आमच्या आजच्या सांगण्याचें सार एवढेंच आहे, आणि आतां तें एकेका प्रसंगास लावून पाहूं.

पहिला प्रसंग लग्नाचा. एक तरुण बावीसाव्या वर्षीं नोकरीस लागतो, आयुर्विमा उतरवितो आणि नॉमिनी म्हणून आईचें नांव घालतो. हें योग्यच आहे. अठ्ठाविसाव्या वर्षीं त्याचें लग्न होतें, पुढें दोन मुलें होतात, आणि चाळिसाव्या वर्षीं महामार्गावर अपघातांत तो जातो. आतां पैसे कोणाचे? १९३८ च्या विमा कायद्यांत २०१५ सालीं जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वयें आईबाप, पति वा पत्नी अथवा मुलें ह्यांपैकीं कोणी नॉमिनी असेल, तर रक्कम नुसती हातीं घेण्याचाच नव्हे, तर उपभोगण्याचाही हक्क त्याचा मानिला आहे. उलट १९२५ चा भारतीय वारसा कायदा, जो आपणां ख्रिस्ती लोकांस लागू आहे, तो सांगतो कीं मृत्युपत्र न करितां माणूस गेला व मागें पत्नी आणि मुलें असलीं, तर एक तृतीयांश पत्नीस व दोन तृतीयांश मुलांस. आईस त्यांत वांटा नाहीं. एक कायदा आईकडे बोट दाखवितो, दुसरा सुनेकडे! ह्यावरून कज्जे न्यायालयांत गेलेले आहेत. निकाल कोणाच्याही बाजूनें लागो; ज्या दोन स्त्रियांनीं एकाच माणसासाठीं एकत्र रडावें, त्या दोन वकिलांच्या दारांत उभ्या राहतात, ह्याहून मोठें दुःख कोणतें? तें टाळावयास एक अर्ज व एक सही पुरेशी होती. आईची तरतूद करावयाची असेल तर तीही करावी. नॉमिनी एकाहून अधिक ठेवितां येतात व प्रत्येकाचा वांटाही लिहितां येतो. पण तें विचारपूर्वक लिहिलेलें असावें, राहून गेलेलें नसावें.

नॉमिनी आधींच वारलेली असेल, आणि दुसरें कोणाचेंही नांव नसेल, तर कंपनी वारसाचा पुरावा मागते. पुष्कळदां न्यायालयाचें वारसा प्रमाणपत्र आणावें लागतें, आणि त्यांत महिन्यांमागून महिने जातात. मुलांच्या शाळेची फी मात्र जूनमध्येंच भरावी लागते.

लग्नासंबंधीं आणखी तीन गोष्टी आपल्या लोकांस बहुधा ठाऊक नसतात. एक अशी कीं, वरील वारसा कायद्याप्रमाणें ख्रिस्ती माणसानें लग्नापूर्वीं केलेलें मृत्युपत्र लग्न होतांच आपोआप रद्द होतें; तें नव्यानें करावें लागतें. दुसरी अशी कीं, कुटुंब नसतांना भविष्यनिर्वाह निधींत भावाचें वा मित्राचें नांव घातलें असेल, तर कुटुंब झाल्यावर तें नामनिर्देशन निरर्थक ठरतें. तेंही पुन्हां भरावें लागतें. आयुर्विम्याचें मात्र तसें नाहीं. तेथें जुनें नांव तुम्ही बदलीपर्यंत तसेंच राहतें. एकाच कपाटांतील तीन कागद, आणि लग्नाचा परिणाम तिन्हींवर सारखा नाहीं! म्हणून तिन्ही पहावे लागतात. तिसरी गोष्ट १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या कायद्याची. पति विमा घेतांनाच तो ह्या कायद्याखालीं पत्नी व मुलें ह्यांच्या हितासाठीं आहे असें लिहून देईल, तर ती रक्कम त्यांची ठेव होते आणि सावकारास तिच्यावर हात टाकितां येत नाहीं. जे धंदा करितात व कर्ज काढितात, त्यांनीं हें अवश्य ध्यानांत ठेवावें.

दुसरा प्रसंग बाळाच्या जन्माचा. आरोग्यविम्यांत नवजात बालकास कांहीं कंपन्या पहिल्या दिवसापासून घेतात, कांहीं नव्वद दिवसांनंतर घेतात. पण कळविल्यावांचून सहसा कोणीच घेत नाहीं. बाळंतपणाचा खर्च मिळण्यासही कांहीं महिन्यांची, कधीं कांहीं वर्षांचीही प्रतीक्षा असते. म्हणून तें कलम लग्नाच्या वेळींच वाचावें, सातव्या महिन्यांत नव्हे. आम्ही एक सोपा नियम सुचवितों. ज्या आठवड्यांत बाप्तिस्म्यासाठीं बाळाचें नांव नोंदवावयास कचेरींत याल, त्याच आठवड्यांत तें विम्याच्या कचेरीसही कळवा, आणि दोन्हीं ठिकाणीं एकाच प्रकारें लिहा. आरोग्यविमा व आयुर्विमा ह्यांच्या व्यक्तिगत हप्त्यांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. तो जो भार हलका झाला, त्यांतून घरांतील सुटलेलें एखादें नांव आंत घेतां आलें तर उत्तमच.

तिसरा प्रसंग नोकरीचा व वयाचा. कंपनीनें दिलेला सामुदायिक आरोग्यविमा नोकरीबरोबर येतो आणि बहुधा नोकरीबरोबरच जातो. निवृत्तीच्या समारंभांत शाल मिळते, आणि त्याच सुमारास आजारपणाचें छत्र उडून जातें. मुलगा ठराविक वयाचा झाला, बहुधा पंचविसाचा, कीं तो बापाच्या विम्यांतून बाहेर पडतो. मुलगी लग्न होऊन सासरीं गेली, कीं तीही बहुधा बाहेर पडते. सासरच्या विम्यांत तिचें नांव लागेपर्यंत ती दोन घरांच्या मध्यें उघड्यावर असते. आधींपासून असलेल्या रोगासाठीं नव्या विम्यांत छत्तीस महिन्यांपर्यंत थांबावें लागूं शकतें. म्हणून राजीनामा देण्यापूर्वींच, निवृत्त होण्यापूर्वींच, जुन्या विम्यांतून व्यक्तिगत विम्यांत जातां येईल काय, आणि भोगलेली मुदत धरली जाईल काय, हें लेखी विचारून घ्यावें. एका कंपनीकडून दुसरीकडे जावयाचें असेल, तर नूतनीकरणाच्या तारखेच्या निदान पंचेचाळीस दिवस आधीं अर्ज करावा. ज्यांच्या घरीं सत्तरी ओलांडलेले वडीलधारे आहेत, त्यांनीं हेंही ध्यानीं घ्यावें कीं २०२४ च्या ऑक्टोबरापासून आयुष्मान भारत योजनेंत अशा वृद्धांस, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पांच लाखांपर्यंतच्या रुग्णालयाच्या उपचारांचें संरक्षण आहे. मात्र त्याचें कार्ड आधीं काढून ठेवावें लागतें.

आतां प्रवासाकडे वळूं. आपली मंडळी मे महिन्यांत वेलंकणीस जाते, जुन्या गोव्यास जाते, आणि हल्लीं मुलें परदेशीं असल्यामुळें विमानानेंही पुष्कळ जाते. रेल्वेचें तिकीट संगणकावर काढितांना अपघात विम्याचा एक चौकोन असतो. पन्नास पैशांहूनही कमी खर्चांत मृत्यूसाठीं दहा लाखांचें संरक्षण मिळतें. पण चौकोनावर खूण केली पाहिजे आणि मागाहून येणाऱ्या निरोपांतील दुव्यावर नॉमिनीचें नांव भरलें पाहिजे. खूण करणारे पुष्कळ, नांव भरणारे थोडे! खिडकीवर काढलेल्या तिकिटास ही सोय नाहीं.

स्वतःच्या मोटारीनें जाणारांनीं अधिक सावध असावें. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वयें सक्तीचा जो विमा आहे, तो तुमच्या गाडीनें दुसऱ्यास होणाऱ्या इजेसाठीं आहे. तुमची गाडी मोडली तर त्यांतून एक पैसाही मिळत नाहीं. त्यासाठीं निराळें संरक्षण घ्यावें लागतें. मालक-चालकासाठीं पंधरा लाखांचा व्यक्तिगत अपघात विमा असतो. पण शब्द नीट पहा, मालक-चालक! दुचाकी बापाच्या नांवावर आणि हांकणारा मुलगा, तर हें संरक्षण मुलास नाहीं. आमच्या गांवोगांवीं हीच स्थिति आहे, आणि अपघातांत जातात ते बहुधा मुलगेच. ह्यावर उपाय दोन आहेत: मुलाच्या नांवें निराळा अपघात विमा घ्यावा, अथवा गाडीच त्याच्या नांवावर करावी. चुलत्याची गाडी मागून आणली, दहा जणांनीं वर्गणी काढून भाडें दिलें आणि यात्रेस निघालें, तर खासगी गाडी भाड्यानें वापरली ह्या कारणास्तव कंपनी दावा नाकारूं शकते. जुनी गाडी विकत घेतली असेल तर चौदा दिवसांच्या आंत विमा आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं अर्ज करावा. आणि लायसन्सची मुदत संपली नाहीं ना, हें निघण्याच्या आदल्या रात्रीं नव्हे, आदल्या महिन्यांत पहावें.

आरोग्यविम्याचें कार्ड एकाच माणसाच्या पाकिटांत असूं नये. पाकीट घेऊन तोच बेशुद्ध पडला तर इतरांनीं काय करावें? प्रत्येक मोठ्या माणसाच्या भ्रमणध्वनींत त्याचें चित्र असावें. अकस्मात् रुग्णालयांत भरती झाल्यास कंपनीस कळविण्याची मुदत बहुधा चोवीस वा अठ्ठेचाळीस तासांची असते. ती किती आहे व कोणत्या क्रमांकावर कळवावयाचें, हें चित्राखालीं लिहून ठेवावें.

परदेशीं जाणारांनीं हें पक्कें समजावें कीं येथील साधा आरोग्यविमा बहुधा भारताच्या सीमेवर थांबतो. रोम, लुर्ड, फातिमा अशा यात्रेसाठीं शेंगेन व्हिसा मागतांना किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावाच लागतो. कॅनडांत मुलांकडे सुपर व्हिसावर जाणाऱ्या आईबापांस किमान एक लाख कॅनेडियन डॉलरांचा व निदान एक वर्षाचा विमा लागतो. पण व्हिसा मिळाला म्हणजे काम झालें असें नव्हे. आईस मधुमेह आहे, बापाच्या हृदयांत स्टेंट बसविला आहे, हें अर्जांत लिहिलें काय, आणि त्या रोगाचा खर्च विम्यांत येतो काय? हप्ता वाढेल म्हणून रोग लपविला, तर ऐन वेळीं परमुलखांतील रुग्णालयाचें बिल मुलाच्या डोक्यावर येतें. हें असत्य कंपनीशीं बोललें जातें खरें, परंतु त्याचा दंड लेकरास भरावा लागतो. परत येण्याचा दिवस लांबविला तर विम्याचा दिवसही लांबवावा. आखाती देशांत मजुरीस जाणाऱ्या ज्या बांधवांच्या पासपोर्टास सरकारी परवानगी लागते, त्यांस प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. तिचा कागद त्यांनीं बरोबर न्यावाच, पण त्याची एक प्रत घरीं पत्नीपाशींही ठेवावी.

मे महिन्याची आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्यांतील गरिबांची आहे. बँकेच्या खात्यांतून वर्षाला वीस रुपये कापून दोन लाखांचा अपघात विमा देणारी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, आणि ४३६ रुपयांत दोन लाखांचा आयुर्विमा देणारी जीवन ज्योति योजना, ह्या दोन्हीं २०१५ पासून चालू आहेत. दोन्हींचें वर्ष १ जूनला सुरू होतें आणि पैसे मेच्या अखेरीस कापले जातात. आतां मेच्या अखेरीस आपल्या खात्यांत काय उरतें? लग्नाचा मंडप झालेला असतो, आहेर झालेला असतो, जूनच्या वह्यापुस्तकांची जुळवाजुळव चाललेली असते. खातें रिकामें राहतें, हप्ता कापला जात नाहीं, आणि विमा मुकाट्यानें मरतो. पुढें पावसाळ्यांत कोणी वीज लागून वा घसरून गेलें, म्हणजे घरचे समजतात कीं विमा आहे, तो नसतो. म्हणून पांचशें रुपये त्या आठवड्यांत खात्यांत राहूं द्यावे, आणि जूनमध्यें पासबुक भरून घेऊन पैसे कापल्याची नोंद स्वतःच्या डोळ्यांनीं पहावी.

इतकें करूनही दावा नाकारला गेला, तर निमूटपणें घरीं बसूं नये. प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे जातां येतें. तेथें फी नाहीं, वकील लागत नाहीं, आणि पन्नास लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात; मात्र नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आंत गेलें पाहिजे. दुःखांत वर्ष केव्हां सरतें तें कळत नाहीं, म्हणून शेजाऱ्यांनीं हें त्या घरास आठवण करून द्यावें.

बंधुभगिनींनो, आमची विनंती एकच आहे. येत्या रविवारीं मिस्सा आटोपून घरीं गेल्यावर, जेवणापूर्वीं वा जेवणानंतर, घरांतील सर्व विमापत्रें टेबलावर मांडावीं. पतीनें एकट्यानें वाचूं नयेत. पत्नीनें शेजारीं बसावें, आणि मोठीं झालेलीं मुलेंही असावींत. प्रत्येक कागदास तीन प्रश्न विचारावे: ह्यांत कोणाचीं नांवें आहेत, त्यांतील कोण आतां नाहीं, आणि जें आज आहे त्यांतलें कोण ह्यांत नाहीं? नांवें बाप्तिस्म्याच्या दाखल्याशीं व आधार कार्डाशीं ताडून पहावीं. दाखला लागल्यास आमची कचेरी उघडी आहे. मग एका वहींत विमापत्रांचे क्रमांक, हप्त्यांच्या तारखा व कळविण्याचे दूरध्वनि लिहून ती वही घरांतील दोघांस ठाऊक असेल अशा जागीं ठेवावी.

गेल्या पन्नास वर्षांत ह्या धर्मग्रामानें पुष्कळ बांधलें. मंदिर बांधलें, शाळा बांधली, आणि प्रत्येक वीट कोणीं दिली त्याची नोंद आपल्या पूर्वजांनीं जपून ठेविली, म्हणूनच आज आपणांस महोत्सव करितां आला. तीच काळजी आपण आपल्या घराविषयीं घ्यावी. ज्यांस प्रवासास जावयाचें आहे त्यांनीं सुखरूप जावें व सुखरूप यावें, ज्यांचीं लग्नें ठरलीं आहेत त्यांचे संसार भरभरून वहावे, आणि कोणाही माउलीस प्लास्टिकची पिशवी घेऊन अपुऱ्या कागदांसाठीं आमच्या दारीं यावें लागूं नये, अशी आम्ही प्रभुचरणीं प्रार्थना करितों.